अंगावरचं पाणी उतरल्यावर

"तोंड कसं भरलंय बघ याचं," काचेला नाक लावून थोरले भावजी म्हणाले. "घरी असताना गालफडं आत गेलेली. इथं मानवलंय त्याला."

मीही काचेतून बघत होते. आत माझा नवरा निजला होता. तोंडात नळी, नाकात नळी, मानेत सुई, खाटेखाली लोंबणारी लघवीची पिशवी. पण भावजी म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. हणमंत गुरव म्हणजे आमच्या शेंडेवाडीतला उसाच्या चिपाडासारखा माणूस. आत निजलेल्याचे गाल गोल होते आणि बोटं केळ्यांसारखी टरारली होती. मला बरं वाटलं. देवानं ऐकलं, असंच मनात आलं.

तेवढ्यात डॉक्टर पाटणकर बाहेर आले. त्यांनी भावजींचं बोलणं ऐकलं असावं.

"ताई, ते अंग नाही," ते म्हणाले. "ते पाणी आहे."

"पाणी?"

"आणलं तेव्हा पोटात रक्त साचलं होतं. नाडी लागत नव्हती. जीव धरायला बाटलीमागून बाटली सलाईन दिलं. नंतर जंतुसंसर्ग झाला, मूत्रपिंडं मंदावली. आत गेलेलं पाणी बाहेर पडेना, ते कातडीखाली साचलंय. आत गेलात की नडगीवर अंगठा दाबून बघा."

मी आत गेले, आणि दाबला. भिजवलेल्या कणकेत पडावा तसा खळगा पडला. मी बघत उभी राहिले, तरी तो भरून येईना.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. "त्या पाण्याखाली माणूस रोज झिजतोय. एवढ्या आजारात शरीर स्वतःचंच मांस जाळून दिवस काढतं. पाणी उतरेल तेव्हा तुम्हाला दिसेल. तेव्हा घाबरू नका."

आमची वडापची जीप होती. एसटी जिथं दिवसातून एकदा येते तिथं माणसं दाटीवाटीनं भरून पाटणपर्यंत आणायची आणि परत सोडायची, हा ह्यांचा धंदा. त्या दिवशी खालच्या गावातलं जागरण-गोंधळ आटोपून ते वाडीतली माणसं घेऊन सकाळी घाट चढत होते. सगळे रात्रभर जागलेले. मागच्या बाकांवरची माणसं एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपली होती. पुढं ह्यांच्या शेजारी सर्जेराव. ह्यांचा बालमित्र, गावातलं दूध डेअरीला नेणारा, वाडीतल्या बायजाक्काचा एकुलता एक मुलगा. वळणावर जीप रस्ता सोडून खाली गेली. मागच्यांचं खरचटण्यावर आणि एकदोघांच्या हात मोडण्यावर निभावलं. सर्जेराव जागच्या जागी गेला. ह्यांच्या पोटात स्टेअरिंग घुसलं.

मी कऱ्हाडला इस्पितळात पोचले तोवर सगळ्यांच्या तोंडी एकच होतं. गवा आडवा आला. आमच्याकडच्या रानात गवे आहेत, रस्त्यावर येतात, एकदा दुधाचा टेम्पो उलटवलेला. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. सर्जेरावाच्या दहाव्याला गेले तेव्हा बायजाक्काच्या गळ्यात पडून मीही म्हणाले, "गव्यापुढं कुणाचं काय चालतंय, आक्का?" तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "त्या हणमंताला तरी वाचीव बाई."

तोंडातली नळी निघाली त्यानंतर ह्यांना सारखी तहान लागायची. पण पाणी मोजून. किती आत गेलं आणि किती बाहेर आलं, याचा हिशेब सिस्टर ठेवायच्या. मला फक्त ओला बोळा ओठांवरून फिरवायची मुभा. ते बोळाच चोखू बघायचे. बोलता येत नव्हतं, घसा सोललेला होता, पण नजर माझ्या पिशवीतल्या बाटलीवर. मग मी बाटली आत नेणं सोडलं. तहान लागली की जिन्याखाली जाऊन चोरासारखं प्यायची.

मग एका सकाळी लघवीची पिशवी भरली. सिस्टर हसत बाहेर आल्या. त्या दिवसापासून पिशवी भरली की आम्हाला सण. अंगावरचं पाणी उतरायला लागलं, आणि खालून जो निघाला तो माणूस मी ओळखला नाही. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, तरी. मांडी माझ्या दोन्ही हातांच्या पंजांत मावायची. पोटरी म्हणजे हाडावरून लोंबणारं कातडं. घाटात जीप वळवणारे दंड काठीसारखे झाले होते. पहिल्यांदा चमचा हातात दिला तेव्हा तो तोंडापर्यंत पोचायच्या आत हात खाली पडला आणि पेज चादरीवर सांडली. ते त्या सांडलेल्या पेजेकडे बघत राहिले. मला आठवतं, मी हसून म्हणाले, "मी भरवते की. पोरांना भरवलं, नवऱ्याला का नाही?" ते हसले नाहीत.

व्यायाम घ्यायला मुल्ला मॅडम यायच्या. वयानं माझ्याएवढ्याच, बोलायला फटकळ. "हणमंतराव, टाच माझ्या हातावर दाबा. दाबा जोरात. शाब्बास. आता गुडघा." हे तोंड भिंतीकडे वळवायचे. मॅडम पाय उचलून धरायच्या, सोडला की धप्पकन पडायचा. "जोर नाही हे मला कळतं," त्या म्हणायच्या, "पण हे जोर लावतच नाहीत."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंडी द्या, डाळ द्या, दूध द्या, मांस परत भरायचं तर त्याला माल लागतो. ही गोष्ट वाडीत कशी पोचली कोण जाणे. सकाळच्या एसटीनं कंडक्टरबरोबर डबा यायला लागला. भुसकटात जपून ठेवलेली गावठी अंडी. बायजाक्काच्या कोंबड्यांची.

पहिलं अंडं त्यांनी खाल्लं. चव लागली असावी, कारण दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. मी कौतुकानं सांगितलं, "आक्कानं धाडलीत. बघा, लेकाचं दुःख बाजूला ठेवून माऊली तुमच्यासाठी अंडी जमवतेय."

तोंडातला घास त्यांनी थुंकला. मग उलटी झाली. एवढी, की सिस्टर धावत आल्या.

त्यानंतर अंडं दिसलं की दात गच्च. मी विकतची म्हणून सांगून बघितलं. "कुणाची?" ते विचारायचे. घोगऱ्या, फुटक्या आवाजात तेवढा एकच प्रश्न. मी म्हणायची, "दुकानातली." ते माझ्या डोळ्यांत बघायचे आणि मान फिरवायचे. पुढं पुढं दूधही नको, भातही नको. डॉक्टरांनी पोट तपासलं. पोटात काही नव्हतं.

मुल्ला मॅडमनी मला बाहेर बोलावलं. "सिंधूताई, स्पष्टच बोलते. फक्त हातापायाचं मांस गेलेलं नाही. श्वास घेणारे स्नायूही झिजलेत. खोकून कफ काढायची ताकद नाही. असेच पडून राहिले तर छातीत कफ साठणार, पुन्हा न्यूमोनिया, पुन्हा नळी. दुसऱ्यांदा घातलेली नळी निघेल असं मला वाटत नाही. घरातल्या कुणी तरी त्यांना विचारायला हवं, जगायचंय का म्हणून."

मी आत गेले. दुपारची वेळ. वॉर्डात जेवणं उरकून सगळे पेंगत होते. मी खुर्ची खाटेला लावली.

"अहो, मरायचंय का तुम्हाला?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पोरं विचारतात, बाबा कधी येणार. काय सांगू त्यांना? त्यांचा बाबा वाचला होता, पण नको म्हणाला?"

"सिंधू," ते म्हणाले. मला वाकून कान तोंडाशी न्यावा लागला. "गवा नव्हता."

"काय?"

"गवा बिवा काय नव्हतं. डोळा लागला माझा."

मी पहिल्यांदा काय केलं असेल तर मान वळवून शेजारच्या खाटेकडे बघितलं, कुणी ऐकलं का ते.

"शुद्धीवर आलो तवा तुम्ही समदी माझ्या उशाशी गवा गवा करत होता," ते म्हणाले. "मला वाटलं मीच इसरलो. मग समदं आठवलं." त्यांना दम लागला. "आता तिच्या कोंबडीचं अंडं खाऊन अंगाला मांस भरू म्हणतीस?"

भावजी संध्याकाळी डबा घेऊन आले. मी त्यांना जिन्यात गाठलं.

"भावजी, गव्याचं पहिल्यांदा कुणी सांगितलं?"

ते डबा पायरीवर ठेवून खाली बसले. "मीच. तिथं पोचलो तवा रस्त्यावर खूर नव्हता की टायर घासल्याची खूण नव्हती. मला काय कळायचं ते कळलं. माझा भाऊ रक्तात पडलेला, आन् लोक इचारायला लागले कसं झालं. तोंडातनं गवा निघून गेला. मागची समदी झोपेतनं उठलेली. घटकाभरात ज्यानं त्यानं गवा बघितला होता."

"आता काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? गप बसायचं. खरं बोलून सर्जा माघारी येणार हाय का? उद्या ह्याला जेल झाली तर पोरांना काय सांगशील?"

मी गप्प बसले. डबे येत राहिले, आणि मी ते घेत राहिले. कंडक्टर विचारायचा, "काय निरोप?" मी म्हणायची, "बरं आहे म्हणावं. खातात म्हणावं." अंडी मी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला द्यायची.

मग एक दिवस डब्याबरोबर बायजाक्का स्वतःच आली. नऊवारीचा ओचा सावरत, अनवाणी. दारात चपला काढून ठेवायला सांगतात म्हणून तिनं त्या एसटी स्टँडवरच कुणाकडं तरी ठेवल्या होत्या. भावजी तिथंच होते. ते पटकन उठून म्हणाले, "आक्का, कशापायी तरास घेतला? त्याला झोप लागलीया."

"झोपू दे की. बघून जाते."

ती स्टुलावर टेकली. ह्यांच्या अंगावरची चादर जराशी सरली होती. तिनं ह्यांचे पाय बघितले आणि तिच्या तोंडून "अगं आई" एवढंच निघालं. मग डबा उघडून घरनंच उकडून आणलेलं अंडं सोललं, मीठ लावलं आणि ह्यांच्या ओठांशी धरलं.

"खा रं लेकरा. माझा गेला, तू तरी उठून बस."

ह्यांचे डोळे उघडेच होते. ओठ मिटलेले. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

"आक्का," ते म्हणाले, "गवा आडवा आला नव्हता."

"तापात बरळतोय," भावजी मध्ये पडले. "आक्का, चल, तुला चहा पाजतो."

बायजाक्कानं भावजींकडे न बघता हात वर केला. भावजी थांबले.

"बोल," ती म्हणाली.

"मी झोपलो. गाडी चालवता चालवता. मी मारलं सर्जाला."

तिच्या हातातलं अंडं तसंच होतं. मग तिनं ते अंडं हळूच डब्यात ठेवलं, बोटं पदराला पुसली, आणि माझ्याकडे वळली.

"तुला ठावं व्हतं?"

"आधी नव्हतं, आक्का. आत्ताच कळलं, थोड्या दिवसांपूर्वी."

"आन् तरी बी अंडी घेत ऱ्हायलीस."

"आक्का, मला शिव्या दे," हे म्हणाले. "मार मला."

"कुणाला मारू?" तिचा आवाज चढला नव्हता. "हितं हाय काय मारायला? हाडकं. पडल्या माणसाला शिव्या देऊन माझ्या जिवाला काय लाभायचं?" ती उठून उभी राहिली. "माझ्या दारात ये. तुझ्या पायानं ये, कुणाच्या खांद्यावर नगं. उभा ऱ्हा आन् पयल्यापासनं सांग, काय झालं ते. तवर मला काय बी ऐकायचं नाय."

डबा तिनं ह्यांच्या छातीजवळ सरकवला.

"आन् हे खा. उगा मरून सुटू नगंस."

ती गेली. भावजी तिच्यामागं धावले. मी खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभी होते. बऱ्याच वेळानं ह्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, काही बोलणार आहेत. मग माझ्या लक्षात आलं आणि मी अंड्याचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. रडत रडत त्यांनी तो गिळला.

दुसऱ्या दिवशी मुल्ला मॅडमनी टाच दाबायला सांगितली तेव्हा ह्यांच्या कपाळावर घाम फुटला. "अरे वा," मॅडम म्हणाल्या, "आज कुणी औषध दिलं?" पुढचे दिवस फार कष्टाचे गेले. खाटेच्या कडेला नुसतं बसवलं तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. मॅडम आणि मी दोन बाजूंनी धरून उभं करायचो तेव्हा मांड्या अशा थरथरायच्या की खाट वाजायची. एकदा न्हाणीघराच्या दारात ते कोसळले. मी उचलायला गेले तर म्हणाले, "थांब. बघू दे मला." जमिनीवरून उठायला त्यांना इतका वेळ लागला की मला बघवेना.

घरी आल्यावर वाळूच्या पिशव्या घोट्याला बांधून ते पाय उचलायचे. डाळ, अंडी, दूध, जे पुढं ठेवीन ते खायचे, औषधासारखं. चव कधी विचारली नाही. अंडी आता मी विकत आणायची, आक्काकडून डबा यायचा बंद झाला होता. बायजाक्कानं गावात कुणाला काही सांगितलं नव्हतं. पाणवठ्यावर समोरासमोर आलो तर ती माझ्या अंगावरून पलीकडे बघायची. वाडीतली बाकीची माणसं येऊन ह्यांची पाठ थोपटायची. "दैव बलवत्तर म्हणून वाचलास. त्या गव्यानं..." हे खाली मान घालून ऐकायचे. त्या प्रत्येक वेळी त्यांचं तोंड असं व्हायचं, जसं इस्पितळात पोटाची जखम धुतानाही कधी झालं नव्हतं.

भाताची कापणी झाली तेव्हा एका सकाळी ते मला म्हणाले, "आज जातो वर."

बायजाक्काचं घर वाडीच्या वरच्या अंगाला. वाट दगडाधोंड्यांची, चढणीची. मी मागं मागं चालले होते. ते थांबायचे, गुडघ्यांवर हात टेकून दम खायचे, पुन्हा चालायचे. काठी घेतली नव्हती.

बायजाक्का अंगणात नाचणी पाखडत होती. आम्हाला बघून तिनं सूप खाली ठेवलं. बसा म्हणाली नाही. हे अंगणाच्या मधोमध उभे राहिले.

"आलो, आक्का."

"सांग."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. जागरणाला कोण कोण होतं, सर्जेरावानं संबळ वाजवणाऱ्याची कशी नक्कल केली, निघायच्या वेळी तो पुढं बसायला कसा हट्टानं आला. बायजाक्का एकटक बघत होती. मध्येच एकदा तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं, नकलेच्या वेळी.

"घाट लागला," हे म्हणाले आणि अडले. मला वाटलं, दम लागला. पण तो दम नव्हता. "घाट लागला तवा सर्जा म्हणाला, हणमंता, तुझी मान कलतीया. गाडी बाजूला घे. जरा पड, मग जाऊ." "मी म्हटलं, गाव आलंच की. त्यो परत म्हणाला. म्हणाला, जागा मिळंस्तवर मी तुझ्याशी बोलत ऱ्हातो, पर तू थांब. मी थांबलो नाय."

हे मला माहीत नव्हतं. इतके महिने त्यांच्या उशाशी बसून, त्यांचं सगळं करून, हे मला माहीत नव्हतं.

"म्हंजे माझा लेक झोपला नव्हता," बायजाक्का म्हणाली.

"नाय. त्यो जागा व्हता."

"वरडला?"

"माझं नाव घेतलं. हणमंता म्हणाला. त्यानंच मी जागा झालो. पर गाडीनं रस्ता सोडला व्हता."

ह्यांचे गुडघे लटलटायला लागले. मांड्यांमधलं ते नवं, कोवळं मांस एवढ्या वेळ उभं राहायला अजून तयार नव्हतं. मी पुढं धावले.

"हात लावू नगंस," बायजाक्का मला म्हणाली.

मी थांबले. हे वाकले, गुडघ्यांवर हात दाबून धरले, आणि पुन्हा सरळ झाले.

बायजाक्का म्हणाली, "समदी वाडी म्हनती, म्हातारीचा लेक झोपंत गेला, त्याला कळलं बी नाय, सुखानं गेला. माझ्या तोंडावर म्हंत्यात. मला बरं वाटावं म्हून." तिनं पदर तोंडाला लावला, आणि लगेच काढला. "त्याला समदं कळत व्हतं. त्यो तुला वाचवत व्हता. हे चौकीवर जाऊन सांग. झोप लागली एवढंच सांगून येऊ नगंस. त्यानं थांब म्हटलं व्हतं, दोनदा म्हटलं व्हतं, ते बी सांग."

"सांगतो."

"मग जा."

तिनं सूप उचललं. आम्ही उतरणीला लागलो. मागं नाचणी पाखडल्याचा आवाज काही येत नव्हता.

भावजींनी वाटेत अडवलं, पाया पडले, शेवटी म्हणाले की या घराशी माझा संबंध संपला. आणि तो खरंच संपला. ह्यांना पुढं शिक्षा झाली, ती त्यांनी भोगली. जीप मोडीत गेली. पुन्हा कधी त्यांनी गाडीला हात लावला नाही. बायजाक्का गेली तेव्हा तिच्या तिरडीला खांदा द्यायला हे पुढं झाले, आणि वाडीतल्या कुणी त्यांना अडवलं नाही.

पण शिक्षा, तिरडी हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही पाटणला पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं खुर्ची पुढं सरकवली, हे बसले नाहीत. टेबलाची कड धरून उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. हवालदार लिहीत होता. सर्जेरावाच्या बोलण्यापाशी आल्यावर त्यानं पेन थांबवलं आणि वर बघितलं. भला माणूस होता.

"झोप लागली, हे झालं की," तो हळू आवाजात म्हणाला. "सोबतच्यानं थांब म्हटलं होतं, हे कशाला लिहायचं? तुमच्यावरच जास्त शेकेल ते."

"लिवा, साहेब," हे म्हणाले. "त्याचं नाव घालून लिवा."